मुखवटा कोणता?

मराठी माणसाला मुखवटा हा शब्द खोटेपणाच्या आधी देवघरात भेटतो. भाद्रपदात ज्येष्ठागौरींचे मुखवटे पेटीतून निघतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळावर विसर्जन, आणि मग ते पुन्हा मऊ वस्त्रात गुंडाळून ठेवले जातात. त्या तीन दिवसांत त्यांना कोणी सोंग म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल गुस्टाव्ह युंग (१८७५-१९६१) यांनी माणसाच्या सामाजिक रूपाला ‘पर्सोना’ हे नाव दिले, ते प्राचीन रोमन नटाच्या मुखवट्यावरून. व्यक्ती आणि समाज यांच्यातील ही तडजोड आहे, तिच्यावाचून व्यवहार चालत नाही, हे युंग यांना मान्यच होते. धोका निराळा. आपण म्हणजेच तो मुखवटा, असे माणसाला वाटू लागते. प्राध्यापक आपल्या पाठ्यपुस्तकाशी, गायक आपल्या आवाजाशी एकरूप होऊन बसतो.

आम्हां बऱ्हाणपूरकर मराठी घराण्यांना या तडजोडीचा सराव जुना आहे. उदगीरच्या लढाईनंतर, १७६० मध्ये, हे शहर पेशव्यांकडे आले. १९५६ पर्यंत आमच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठीही राजभाषा होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले, निमाड इकडे राहिला, आणि मराठी कचेरीतून उठून स्वयंपाकघरात आली. तेव्हापासून बाहेरची हिंदी हा मुखवटा आणि घरातली मराठी हा चेहरा, अशी आम्ही स्वतःची समजूत घालीत आलो.

ही समजूत सोयीची खरी, पण ती आम्हाला आता पटेनाशी झाली आहे. पुण्याचे पाहुणे येणार असले की आमच्या घरात काय होते ते पाहावे. ‘सब्जी’ची एकाएकी भाजी होते. ‘येऊन राहिलो’ म्हणणारे आम्ही ‘येतो आहे’ म्हणू लागतो. मुलांना डोळ्यांनी दटावले जाते. चौकातल्या दुकानदाराशी हिंदीत बोलताना मात्र शब्द अडत नाही, हसू मोकळे येते आणि रागही खरा येतो. मग मुखवटा कोणता?

नातवंडे मंडळाच्या समारंभात पाठ केलेले मराठी भाषण नीट म्हणतात, टाळ्या घेतात, आणि व्यासपीठावरून उतरताच आपसांत हिंदीत बोलू लागतात. वडीलधाऱ्यांना याचे वाईट वाटते. आम्हालाही वाटते. परंतु युंग यांच्या कसोटीने पाहिले, तर मुलांना मुखवटा उतरवता येतो. ते आम्हाला साधलेले नाही. त्याच्याआड निमाडात वाढलेला, दोन भाषांत मिसळून गेलेला जो माणूस आहे, त्याचा आम्हाला संकोच वाटतो. महाराष्ट्रात गेल्यावर आमचे चार शब्द ऐकून कोणी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे विचारले, की आम्ही गावाचे नाव सांगण्याआधी अडीचशे वर्षांची वंशावळ सांगू लागतो.

या पत्रिकेसाठी लिहितानाही आम्ही तेच करीत आहोत. ही भाषा आमच्या घरात कोणी बोलत नाही.