गरम गाडीचा करंट

जुन्या पेट्रोल गाडीतला सर्वात चिवट दोष म्हणजे गरम झाल्यावर जाणारा करंट. सकाळी गाडी पहिल्या किकला उठते, दहिवडीहून शिखर शिंगणापूरपर्यंत विनातक्रार जाते, वर पाच-दहा मिनिटे थांबते आणि मग काही केल्या चालू होत नाही. तासाभराने इंजिन निवले की तीच गाडी काही झालेच नाही अशी चालू होते. कायमचा गेलेला करंट शोधणे अवघड नाही. चावी, वायर, प्लग, पॉइंट या क्रमाने गेले की तो सापडतोच. येणारा-जाणारा करंट मात्र मुरलेल्या मेस्त्रीलाही चकवतो, आणि म्हसवड, दहिवडी, आटपाडी या पट्ट्यातला उन्हाळा या दोषाला चांगलाच पोसतो.

पॉइंटची गाडी, मग ती १९७२ पासून आकुर्डीत बनू लागलेली चेतक असो, प्रीमियर पद्मिनी असो की महिंद्राची पेट्रोल जीप, करंट एकाच रीतीने तयार करते. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून प्रवाह वाहतो. पॉइंट उघडले की तो एकदम तुटतो आणि बारीक तारेच्या वेढ्यांत हजारो व्होल्ट उभे राहतात. मॅग्नेटवर चालणारी उच्च व्होल्टेजची रचना गॉटलोब होनोल्ड यांनी बॉशकडे १९०२ मध्ये सिद्ध केली. बॅटरी, पॉइंट आणि कॉइल ही मोटारीची मांडणी १९१० च्या सुमारास चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅकसाठी रूढ केली. दोन्हींत कंडेन्सरचे काम एकच. पॉइंट उघडताना प्रवाहाला तिथे ठिणगी होऊन निसटू न देणे, म्हणजे तो खाडकन तुटेल. हा कंडेन्सर साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा, करंगळीच्या पेराएवढा डबा असतो आणि किमतीला अगदी किरकोळ. गरम गाडीच्या तक्रारीत पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा.

उष्णतेने बिघडते काय, हे आकड्यांत पाहिले तर अर्धे गूढ उकलते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. १२ व्होल्टच्या गाडीची ३ ओहमची कॉइल बॉनेटखाली १०० अंशांपर्यंत तापली तर ती जवळपास ४ ओहमची होते. ४ अँपिअरचा प्रवाह ३ वर येतो, आणि ठिणगीची ताकद प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती चाळीस टक्क्यांहून थोडी जास्त घटते. त्यात सेल्फ मारताना बॅटरी १२ वरून साडेनऊ-दहा व्होल्टपर्यंत खाली बसते. म्हणजे निर्दोष कॉइलसुद्धा गरम इंजिनवर, सेल्फच्या क्षणी, आपल्या ताकदीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर काम करत असते. कॉइलचे इन्सुलेशन जुने झालेले असेल, कंडेन्सर गळत असेल किंवा पॉइंट काळे असतील, तर उरलेला तिसरा हिस्साही प्लगपर्यंत पोहोचत नाही.

धक्का मारल्यावर गरम गाडी चालू होते, ते याच कारणाने. धक्क्यावर बॅटरी खाली बसत नाही. मॅग्नेटच्या गाडीत चक्र किकपेक्षा जोरात फिरते आणि व्होल्टेज वाढते. गाडी सेल्फवर किंवा किकवर येत नाही, पण उतारावर सोडली की लगेच पकडते, ही खूण ज्याने नीट ऐकून घेतली त्याने निम्मे निदान केले. दुर्दैवाने मालकाला उताराची सवय लागते आणि दोष सहा-सहा महिने झाकलेला राहतो.

निदानात सर्वात जास्त फसवणूक होते ती प्लग बाहेर काढून इंजिनला टेकवून ठिणगी पाहण्यात. ही तपासणी प्रत्येक गॅरेजमध्ये होते आणि तिच्यावर विसंबून चांगले कार्बोरेटर नाहक खोलले जातात. उघड्या हवेत ०.६ मिलिमीटरच्या फटीतून उडी मारायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात त्याच फटीला आठ-दहा हजार किंवा त्याहून जास्त लागतात. दाब वाढला की ठिणगीला लागणारे व्होल्टेज वाढते, हा नियम पाशेन यांनी १८८९ मध्येच मांडला. तेव्हा बाहेर ठिणगी दिसली म्हणून आत पडतेच असे नाही. प्लगची वायर इंजिनच्या मोकळ्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटर दूर धरून, रबरी पकडीने, ठिणगी ते अंतर ओलांडते का हे पाहावे. निळी, चटचट आवाजाची ठिणगी ओलांडते. पिवळी, मऊ ठिणगी अडखळते.

रंग आणि आवाज यांवर जुने मेस्त्री फार विसंबतात. तरुण कानाला ठिणगीची चटचट ओळखता येते, माण तालुक्यातल्या भर दुपारीही तिची निळाई सावली धरून दिसते. साठीकडे झुकलेल्या माणसाचे कान आणि डोळे ही कामे सोडून देतात, आणि ते मान्य करणे फार जड जाते. किकचा आवाज ऐकूनच ‘कॉइल गेली’ असे जाहीर करण्यात, गाडी न उघडता दोष सांगण्यात, चार माणसांनी मान डोलावण्यात या कामाची मोठी गोडी असते. नाव त्यावरच होते. ही गोडी खरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पण अंतर पट्टीने मोजले तर हाताखालचा पोरगाही तोच निकाल देऊ शकतो, आणि मोजण्याला जुना हात विरोध करतो तो बहुधा याच कारणाने.

तपासणी गाडी गरम असताना आणि बंद पडलेली असतानाच करायची, हा यातला गाभा. आधी प्लग काढून पाहावा. ओला असेल तर पेट्रोल येते आहे, करंट जातो आहे. कोरडा असेल तर इग्निशनकडे वळण्याआधी पेट्रोल पाहावे. जीप आणि पद्मिनीच्या इंजिनांत उन्हात पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि लक्षणे अगदी करंट गेल्यासारखीच दिसतात. इथे ओले फडके उपयोगी पडते. ते आधी पंपावर ठेवून दोन-तीन मिनिटे थांबावे. गाडी चालू झाली तर दोष वाफेचा. नाही झाली तर तेच फडके कॉइलवर ठेवावे, तोंडाशी पाणी जाणार नाही अशा बेताने. कॉइल निवताच करंट परत आला, तर कॉइल बदलायची. फडके दोन्ही ठिकाणी एकदम ठेवले तर गाडी चालू होते, पण कळत काहीच नाही.

कॉइल निर्दोष निघाली तर कंडेन्सर. बऱ्याच मॅग्नेटच्या गाड्यांत तो फ्लायव्हीलच्या आत, गरम क्रँककेसला चिकटून बसतो. आतला कागद तापला की गळू लागतो. निवला की पुन्हा शहाणा होतो. गार गाडीवर मीटर लावला तर तो बरोबरच दाखवणार. म्हणून आतल्या कंडेन्सरची वायर सोडवून दुसरा, खात्रीचा कंडेन्सर बाहेर वायरने जोडावा, त्याचे अंग इंजिनला पक्के करावे आणि गाडी तशीच दहा-पंधरा किलोमीटर पळवावी. मग बंद करावी, दहा मिनिटांनी पुन्हा किक मारावी. या एका फेरीत जे कळते ते गॅरेजच्या सावलीत दिवसभर बसून कळत नाही.

पॉइंट मात्र पाहून वाचावे लागतात. फ्लायव्हीलच्या खिडकीतून टॉर्चचा उजेड टाकला की दोन टिकल्या दिसतात. निरोगी टिकली करड्या रंगाची, एकसारखी खरखरीत असते. एका टिकलीवर खड्डा आणि समोरचीवर तेवढाच उंचवटा दिसला, तर कंडेन्सरचे माप चुकलेले असते. दोन्ही निळसर काळ्या पडल्या असतील आणि किक मारताना तिथेच लख्ख ठिणगी दिसत असेल, तर कंडेन्सर मेलेला असतो. टिकल्यांवर तेलकट काजळी असेल तर कितीही घासा, आठवड्यात तक्रार परत येते. क्रँकचे ऑइल सील गेलेले असते आणि ते बदलेपर्यंत पॉइंटला हात लावण्यात अर्थ नसतो. घासायचेच तर बारीक कानशीने. पॉलिश पेपरचे कण टिकलीत रुतून बसतात आणि नव्या दोषाला जन्म देतात. शेवटी फीलर गेजने फट लावावी: चेतकला ०.४ मिलिमीटरच्या आसपास, जीपला ०.५. पोस्टकार्ड दुमडून फट लावण्याची जुनी रीत घाटात अडलेल्या माणसापुरती ठीक. गॅरेजमध्ये तिला जागा नाही.

आज मेस्त्रीकी शिकणारा पोरगा पॉइंट पाहतच नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या दुचाकीत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आले. स्कॅनर लावला की दोषाचा क्रमांक समोर येतो. त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ती ‘सगळे नवे टाका’ ही पद्धत, जी नव्या गाडीवरून जुन्या गाडीवर आली. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल एकदम बदलले की गाडी चालू होते, बिल मोठे होते आणि कोणता भाग सदोष होता हे कुणालाच कळत नाही. जुन्या गाड्यांचे सुटे भाग आता बेताच्या दर्जाचे मिळतात. नवा कंडेन्सर डब्यातूनच गळका निघणे नवलाचे राहिलेले नाही. चांगला जुना काढून सदोष नवा बसवला की दोष कायमचा मुक्कामाला येतो. म्हणून काढलेला प्रत्येक भाग, त्याच्यावर गाडीचा नंबर लिहून, गाडी महिनाभर बिनतक्रार चालेपर्यंत ठेवावा.

जुनी गाडी वापरणाऱ्याने मेस्त्रीसाठी एवढे करावे. गाडी किती किलोमीटर चालून बंद पडली, किती वेळ उभी होती, धक्क्यावर आली का, आणि निवून परत चालू व्हायला किती वेळ लागला, हे लिहून आणावे. आणि जमल्यास गाडी गार करून आणू नये. गरम असतानाच, बंद पडली तिथून फोन करावा.