पद्मिनीला तीन मीटर

गाडी प्रीमियर पद्मिनी, गाव सोलापूर. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४३च्या पुढे जातो. अशा दुपारी जुनी गाडी बाहेर काढायची तर इंजिनात काय चाललंय ते कळायला हवं. मूळ डॅशबोर्डवर तेलाच्या दाबासाठी फक्त एक लाल दिवा आहे. दाब पार तळाला गेला की तो पेटतो. त्याआधी दाब किती दिवस उतरत होता, याचा पत्ता लागत नाही. म्हणून तीन मीटर घ्यायचे: पाण्याचं तापमान, तेलाचा दाब, व्होल्टेज.

*

वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे, जन्म १८८२. प्रीमियर ऑटोमोबाइल्स त्यांनी १९४४ साली काढली. १९५३ साली ते गेले. फियाट ११०० कुर्ल्यात तयार होऊ लागली ती त्यानंतर, आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं. आता तो कारखाना नाही, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये सेवेतून गेली. आपल्या गावच्या माणसाने उभ्या केलेल्या कंपनीची गाडी आपल्या गावात नीट चालती राहावी, असं मला मनापासून वाटतं.

*

पहिला नियम: डॅशबोर्डच्या पत्र्याला भोक पाडायचं नाही. ५२ मिलिमीटर व्यासाचे तीन मीटर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत बसतात. पट्टी डॅशबोर्डच्या खालच्या कडेला लावावी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर आहे, तो चारही गिअरमध्ये फिरवून पाहावा आणि हात अडत नाही अशीच जागा धरावी. भोक न पाडण्याला कायद्याचीही बाजू आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. पहिल्या पद्मिनी आत्ता कुठे त्या वयाला आल्या आहेत.

*

तापमान. सोलापूरची उंची साधारण साडेचारशे मीटर. उघड्या भांड्यातलं पाणी इथे साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की हा आधार जातो, तेव्हा मीटर बसवतानाच झाकणही बदलावं. बोअरचं जड पाणी रेडिएटरच्या नळ्यांत खर धरतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच घालावं.

*

सेन्सर मीटरच्या जोडीचाच घ्यावा. पाणी तापतं तसा त्याचा रोध कमी होतो आणि काटा चढतो. हे प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. एका कंपनीचा सेन्सर दुसरीच्या मीटरला जोडला तर काटा हलतो खरा, पण आकडा खोटा असतो. एका वायरच्या सेन्सरला अर्थ इंजिनाच्या धातूतून मिळतो, म्हणून त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गच्च गुंडाळू नये.

*

तेलाचा दाब. इंजिनाला टी-जोड लावला की एका तोंडाला जुन्या दिव्याचा स्विच राहतो, दुसऱ्याला नवा सेन्सर. दिवा काढू नये. वाहत्या रस्त्यावर डोळ्याला आधी दिवाच दिसतो. नळीवाला मेकॅनिकल मीटर अचूक असतो, पण त्यात गरम तेल थेट केबिनमध्ये येतं. घरी काम करताना इलेक्ट्रिकच बरा.

*

अँपिअर मीटर की व्होल्टमीटर? अँपिअर मीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत फिरवावा लागतो. तिथला एक नट सैल पडला तरी वायर तापते. व्होल्टमीटरला बारीक वायर पुरते. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ दाखवते, अल्टरनेटर चालू झाला की १३.८ ते १४.४. डायनॅमोच्या गाडीत आयडलला आकडा खाली येणारच.

*

वायरिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवायची. करंट चावी फिरवल्यावरच येणाऱ्या वायरवरून, ३ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्यायचा. मीटरचे दिवे पार्किंग लाइटवर. तिघांचा अर्थ एकाच जागी, रंग खरवडून. इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरींना रबरी ग्रोमेट लावायचं, एक्झॉस्टपासून त्या लांब ठेवायच्या. काळी चिकटपट्टी इथल्या उन्हाळ्यात पाघळते. तापवून आवळणारी स्लीव्हच टिकते.

*

मीटर ज्या गाडीचा, त्याच गाडीशी ताडून वाचायचा. सकाळी थंड इंजिनात दाब किती, तासभर चालवल्यावर आयडलला किती, तुळजापूरचा घाट चढताना तापमान कुठवर जातं आणि माथ्यावर किती वेळात उतरतं, हे वहीत लिहावं. वर्षभराने त्याच घाटात, तशाच उन्हात काटा जास्त चढला तर रेडिएटर उघडायची वेळ झाली. काळजी आकड्याची नसते, बदलाची असते.

*

शेवटी वायरिंगचा नकाशा कागदावर काढून, वायरींच्या रंगांसह, गाडीतच ठेवावा. पुढे गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला पट्टी नको असेल, तर स्क्रू सोडून, वायरी काढून गाडीचा डॅशबोर्ड कुर्ल्याहून निघाला तसा परत मिळाला पाहिजे. माझ्या काळजीचा खर्च पुढच्या मालकाने का सोसावा?