शिलाँगची पोरं

मामा बँडचं नाव कधी घ्यायचा नाही. "शिलाँगची पोरं" एवढंच म्हणायचा, आणि आम्हा भाचरांना वाटायचं, त्याच्या ओळखीतलीच कुणी असतील. ती 'द फेन्टोन्स' होती. सिमला बीट स्पर्धेत, मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात, मामाने त्यांना ऐकलं होतं.

सिमला हे सिगारेटचं नाव. तंबाखू कंपनीने जाहिरातीसाठी देशभरच्या हौशी बँडची स्पर्धा भरवली आणि 1970 व 71 च्या स्पर्धांच्या दोन तबकड्या काढल्या. पुढे या सगळ्या पोरांना 'साहेबाची नक्कल' म्हणून मोडीत काढलं गेलं. हा अन्याय आहे, असं मी आजही भांडून सांगेन. आयात परवान्यांचा तो काळ. परदेशी गिटार म्हणजे स्वप्नच. त्यात शिलाँगला रेल्वे नाही. घाट उतरून गुवाहाटी गाठायची, तिथून पुढे मुंबईपर्यंत वाटेत रुळांची रुंदीसुद्धा बदलायची. मेघालय हे राज्य अजून पुरतं जन्मायचं होतं. तिथल्या पोरांनी 'अन्टिल द डॉन' हे गाणं वाजवलं.

मामा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरायचा, मलमलीच्या फडक्याने आतून बाहेर पुसायचा. गिटार चिरकली की मामी आतून म्हणायची, "अहो, आवाज फाटतोय." "फाटू दे गं, तो त्यांनी फाडलाय," मामा म्हणायचा. दिवसभर लोखंडाशी झटणाऱ्या माणसाला कुठला आवाज बिघाडाचा आणि कुठला मुद्दाम काढलेला, हे बरोबर कळत असे. गॅरेज रॉक ऐकायचा कसा, हे मी त्या एका वाक्यात शिकले. पुढे वाचलेल्या जाडजूड लेखांनी त्यात फारशी भर घातली नाही.

1990 च्या आगीत षण्मुखानंद जळालं, आठ वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. मामा गेल्यावर घर आवरताना त्याच्या तबकड्या कुणीतरी रद्दीबरोबर देऊन टाकल्या. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. जर्मनीत त्या दोन्ही तबकड्या एकत्र पुन्हा निघाल्यात. त्यामुळे गाणी आहेत, हवी तेव्हा ऐकता येतात.

पण त्या रात्री पोरं स्टेजवर आली तेव्हा सभागृह हसलं की गप्प झालं, टाळ्या कधी सुरू झाल्या, तीन हजारांच्या आसपास माणसांत मामा कुठे बसला होता, यातलं काहीच तबकडीवर नाही. ते मामाकडे होतं.