मामांची डर्बी

महालक्ष्मी स्टेशनवरून रेसकोर्सकडे चालताना मामांनी आमचा हात धरला होता. वय ऐंशीचे, गुडघे गेलेले. पण फाटक दिसताच पावले झपझप पडू लागली. 2024 च्या फेब्रुवारीचा पहिला रविवार, म्हणजे डर्बीचा दिवस. "एकदा दाखव रे भाच्या, पुन्हा मागणार नाही," असे त्यांनी महिनाभर लावले होते. मामींना आम्ही सांगितले, परळला जुन्या सोबत्याला भेटवून आणतो. विहारात इतरांकडून पंचशील म्हणवून घेणारे आम्ही, त्यातले चौथे शील त्या दिवशी घरीच ठेवून निघालो होतो.

मामी का नको म्हणाल्या असत्या, ते चाळीत सर्वांना ठाऊक. 1982 चा संप फसला, पुढे मामांची गिरणी बंद पडली. हिशेबाचे पैसे हप्त्याहप्त्याने मिळाले आणि बरेचसे इथल्या खिडक्यांत गेले. मामींच्या पाटल्याही गेल्या. आम्ही तेव्हा शाळकरी. रविवारी संध्याकाळी मामा जिना कसा चढतात, यावरून सारी चाळ निकाल ओळखायची.

दलदलीच्या जागेवर 1883 साली उभे राहिलेले हे मैदान. डर्बी 1943 पासूनची. चार वर्षांची घोडी, 2400 मीटर धाव. त्या दिवशी मेंबरांच्या बाजूला टोप्या, सूट, भारी साड्या. आमच्या बाजूला घामाचे सदरे, हातात रेसचे पुस्तक आणि कानामागे पेन्सिल. शर्यतीआधी घोडे गोलात फिरवून दाखवतात. अंग असे चकाकते की तेल लावले असावे. पुस्तकात प्रत्येकाचे आईबाप छापलेले. जगातल्या साऱ्या थरोब्रेड घोड्यांचे पितृकुळ म्हणे इंग्लंडात आणलेल्या तीन नरांपर्यंत जाते. कुळ पाहून किंमत ठरवण्याची माणसाची खोड घोड्यालाही सुटली नाही! पण धावताना कुळवंतही मागे पडतोच.

आम्ही बी. कॉम. असल्याने मामांना हिशेब सांगू लागलो. टोटच्या खिडकीवर जमलेल्या पैशातून आधी कर आणि क्लबचा वाटा निघतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. "सगळ्या घोड्यांची सगळी तिकिटे तुम्हीच घेतलीत, तरी तोटाच होईल, मामा."

"हिशेब मलाही येत होता," मामा म्हणाले. "पन्नास रुपये काढ."

काढले. आणि स्वतःसाठीही एक तिकीट घेतले. का, ते अजून सांगता येत नाही.

अडीच मिनिटांचा खेळ. शेवटच्या वळणाला सारा स्टँड उठला. कुणीतरी आमच्या शेजारी घसा फाडून ओरडत होते. तो आवाज आमचाच होता. मामांचा घोडा कुठल्या कुठे राहिला. आमचा तिसरा आला. प्लेसचे तिकीट असल्याने पन्नासाचे एकशे तीस झाले. आम्ही नोटा मामांपुढे धरल्या. त्यांनी हात लावला नाही.

"पहिल्या दिवशी माझाही आला होता," एवढेच बोलले.

परतताना आम्हाला 27 मे 2007 आठवला. याच मैदानावर लक्ष्मण माने यांच्यासोबत हजारो भटक्या-विमुक्तांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा आम्ही पाण्याच्या पिंपाशी स्वयंसेवक होतो. मामांना किती विनवले, पण आले नाहीत. म्हणाले होते, "त्या फाटकातून मला नेऊ नकोस." आम्हाला राग आला होता. कारण आता कळले.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी जुगाराचे सहा तोटे सांगितले आहेत. विहारात आम्ही ते बोटांवर मोजून सांगत आलो. आठ नोटा खिशात असताना एकही आठवेना. सर्व दहा-दहाच्या, वरच्या मिळकतीच्या.

मामी दारातच उभ्या होत्या. जिन्यावर मामा कसे चढले, ते त्यांनी ऐकलेच असणार.

"किती?" त्यांनी विचारले.

आम्ही खिशातून नोटा काढून पुढे केल्या. मामींनी त्या मोजल्या नाहीत. चहा ठेवायला आत गेल्या.