ताक, सोडा आणि बॉस्टनचा रविवार

बॉस्टन आणि परिसरात स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांत रविवारच्या न्याहारीला पोह्यांच्या जोडीने पॅनकेकही येऊन बसला आहे. मात्र तयार मिश्रणाचे खोके न फोडता तो घरच्या साहित्यातून करू पाहणाऱ्याच्या लवकरच लक्षात येते, की घावन-आंबोळीला सरावलेला हात येथे अर्धाच उपयोगी पडतो. आंबोळीला जाळी पडते ती रात्रभर आंबलेल्या पिठातील सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या वायूमुळे. पॅनकेकमध्ये हेच काम खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, ताकातील आम्लाशी संयोग पावून काही मिनिटांत उरकतो.

ही घाई याच भूमीत रुजली. अमेरिकेत लिहिले गेलेले पहिले छापील पाकपुस्तक मानले जाणारे अमेलिया सिमन्स यांचे पुस्तक १७९६ साली निघाले, तेव्हा पीठ फुगवण्यासाठी लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार वापरात होता. आणि बॉस्टनपासून केवळ चार्ल्स नदीने विलग झालेल्या केंब्रिजमध्ये, हार्वर्ड विद्यापीठात शिकवणारे रसायनशास्त्रज्ञ एबेन हॉर्सफर्ड यांनी १८५६ साली कोरड्या आम्लयुक्त फॉस्फेटचे पेटंट मिळवले. सोडा आणि असे कोरडे आम्ल एकत्र करून, ओल धरू नये म्हणून त्यात पिठूळ स्टार्च मिसळला, की बेकिंग पावडर होते.

प्रमाण सोपे आहे. २ कप मैदा, २ लहान चमचे बेकिंग पावडर, प्रत्येकी अर्धा लहान चमचा सोडा व मीठ आणि २ मोठे चमचे साखर हे कोरडे साहित्य. २ कप ताक, २ अंडी आणि ४ मोठे चमचे वितळलेले लोणी हे ओले. येथील दुकानांतले ताक दही घुसळून लोणी काढल्यावर उरलेले नसते, तर बहुधा कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून दाट केलेले असते. त्यामुळे घरचे पातळ ताक ओतल्यास पीठ तव्यावर पसरत जाते, आणि त्यापेक्षा घट्ट दही थोड्या पाण्याने सैल करून घेणे कितीतरी चांगले.

खरी कसोटी कालवण्याची आहे. धिरड्याच्या पिठात गुठळी राहता कामा नये ही शिकवण मराठी स्वयंपाकघरात लहानपणीच मिळते, परंतु मैदा जितका फेटावा तितके त्यातील प्रथिनांचे ग्लुटेन नावाचे चिवट जाळे बळावते आणि पॅनकेक चामट होतो. म्हणून कोरडे पीठ दिसेनासे होताच, बारीक गुठळ्या तशाच ठेवून, हात थांबवावा लागतो. मध्यम आचेच्या तव्यावर पळीभर पीठ घातल्यावर ते पळीने फिरवायचे नसते आणि वर झाकणही ठेवायचे नसते. कडा सुकू लागल्या, वर आलेले बुडबुडे फुटून त्यांची भोके तशीच उघडी राहू लागली, की एकदाच उलटावे. उलथण्याने दाबण्याचा मोह आवरावा, कारण त्या दाबाने आतला सगळा वायू निघून जातो.

वर घालायचा मेपल सिरप मात्र खराच हवा, मक्याच्या पाकाला रंग-वास देऊन केलेला नव्हे. हिवाळा सरताना, रात्री गोठवणाऱ्या आणि दिवस उबदार असताना, व्हरमाँट व न्यू हॅम्पशायरमध्ये मेपलच्या खोडांतून पाण्यासारखा रस काढतात आणि असा सुमारे ४० लिटर रस आटवल्यावर १ लिटर सिरप हाती लागतो. हंगामाच्या अखेरीचा गडद सिरप चवीला अधिक ठसठशीत असतो आणि लोणी लावलेल्या पॅनकेकवर तोच शोभतो.

घावने तव्यावरून थेट पानात पडतात आणि ती घालणारी बाई बहुधा सर्वांच्या शेवटी जेवते. पॅनकेक मात्र सुमारे ९५ अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये, जाळीवर एकेरी मांडून, सगळे होईपर्यंत गरम ठेवता येतात. ही रीत परदेशातल्या मराठी घरांनी जरूर उचलावी, कारण तिच्यामुळे करणारीलाही इतरांबरोबरच टेबलाशी बसून गरम खाता येते.