उंच खुर्ची

निवाडा देण्याची हौस आमच्या हिंगोलीत कोणाला नाही? एस.टी. स्टँडसमोर दोन मोटारसायकली एकमेकींना नुसत्या चाटून गेल्या तरी चाळीस पंच जमतात. त्यातल्या पस्तीस जणांनी काही पाहिलेलं नसतं, आणि उरलेले पाच दोघांपैकी एकाचे नातेवाईक असतात. निकाल मात्र चाळीसही जणांचा तयार! अशा गावात पंच व्हायला शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, डोळे तपासून घ्यावे लागतात असं कोणी सांगितलं, तर लोकांनी त्याचेच डोळे तपासायला सांगितले असते.

त्यातून पंच कसला, तर टेनिसचा. आमच्या गल्लीत टेनिसचा चेंडू कधीच येऊन पोहोचला. टेनिस तेवढं वाटेत राहिलं. तो पोपटी, केसाळ चेंडू देवाने क्रिकेटसाठीच निर्माण केला, अशी इथल्या दोन पिढ्यांची समजूत आहे. तेव्हा कॉलेजसाठी बाहेरगावी जाऊन आलेला माझा भाचा बी.कॉम. होताच म्हणाला, "मामा, मला टेनिसचा अंपायर व्हायचंय," तेव्हा घरात शांतता पसरली. ती अर्थातच ताईने मोडली.

"खुर्चीवर बसायचीच नोकरी करायची तर मामासारखी बँकेत कर की. तिथं डोक्यावर पंखा तरी असतोय."

पोराचं मन वळवायचं काम माझ्याकडे आलं. बँकेतल्या खात्यांतर्गत परीक्षा देण्यात माझी उमेद खर्ची पडलेली असल्याने कोणतीही परीक्षा किती व्यर्थ असते हे मीच चांगलं सांगू शकेन, असा घरच्यांचा होरा. तयारी म्हणून मी टेनिसचे नियम वाचायला घेतले, आणि तिथेच ताईचा वकील फितूर झाला.

रस्ता साधारण असा आहे. राज्याच्या लॉन टेनिस संघटनेकडे नाव नोंदवायचं, शिबिर करायचं, आणि छोट्या स्पर्धांत रेषेवर उभं राहायचं. याला लाइन अंपायर म्हणतात. तिथे वर्षं काढली की उंच खुर्ची. मग राष्ट्रीय संघटनेने शिफारस केली तर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचं प्रशिक्षण, लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक. त्यातून पांढरा बिल्ला. पुढे कांस्य, रौप्य आणि सुवर्ण. म्हणजे क्लार्क, ऑफिसर, मॅनेजर असंच. फक्त इथे वरच्या पायरीवर गेल्यावरही काम करावं लागतं. नजरेचा दाखला लागतो, पण चष्मा चालतो. हे कळल्यावर ताईचा शेवटचा आधार गेला, कारण पोराला सातवीपासून चष्मा आहे.

मला खरा मोह पडला तो गुणपत्रिकेचा. आता वरच्या स्पर्धांत टॅब्लेट आले, पण कागदावरची पद्धत पाहून कॉमर्सचा पदवीधर सद्गदित होतो. प्रत्येक गुणाला एक तिरकी रेघ. सर्व्हिस करणाऱ्याची वरच्या ओळीत, समोरच्याची खालच्या. सरळसरळ जमा आणि नावे! सामना सुरू होण्याआधी जाळीची उंची मोजायची, मध्यभागी तीन फूट आणि खांबांपाशी साडेतीन. दोन गुणांमध्ये पंचवीस सेकंद, बाजू बदलताना नव्वद. (आमच्या काउंटरवर नव्वद सेकंदांत चष्मा सापडतो.) आणि शून्याला 'लव्ह' म्हणायचं. आम्ही जनधन म्हणतो.

अधिकारांची वाटणीही मला फार पटली. चेंडू आत पडला की बाहेर, ही वस्तुस्थिती. तिथे खुर्चीवरच्या माणसाचा शब्द शेवटचा. नियमाचा अर्थ काय, हा वेगळा प्रश्न. तो रेफरीकडे नेता येतो. रेषेवरच्याची चूक अगदी ढळढळीत असेल तरच खुर्चीवरच्याने ती दुरुस्त करायची, आणि तीही लगेच. घरी जाऊन, जेवून, बायकोशी चर्चा करून नाही. चूक तीन वर्षांनी सापडवणारे ऑडिटर पाहिलेल्या माणसाला हा नियम किती गोड वाटतो, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

बसायची तयारी मात्र हवी. २०१० साली विम्बल्डनला इस्नर आणि माहू तीन दिवस मिळून अकरा तास पाच मिनिटं खेळले, शेवटचा सेट सत्तर-अडुसष्ट. या सगळ्या वेळात खुर्चीवर मोहम्मद लाह्यानी हे एकच गृहस्थ होते. खेळाडूंची नावं रेकॉर्डमध्ये गेली. ताईने विचारलं, "अन् ह्याला कुणी चहा दिला का?"

पण या सगळ्या शिक्षणात मला सर्वांत अवघड वाटली ती एक खूण. लाइन अंपायरने चेंडू बाहेर गेला तर ओरडून हात आडवा करायचा. आत असला तर न बोलता तळवे जमिनीकडे. आणि मध्ये खेळाडू आल्यामुळे चेंडू दिसलाच नाही, तर? तर डोळ्यांपुढे हात धरायचे. म्हणजे 'मला दिसलं नाही.' हजारो लोकांसमोर, गणवेशात, पगार घेऊन! मग खुर्चीवरच्याने निर्णय द्यायचा, आणि त्यालाही सांगता येत नसेल तर गुण पुन्हा खेळवायचा. आमच्या बँकेत 'मला माहीत नाही' या वाक्याला 'सर्व्हर डाउन आहे' असं म्हणतात. भाचा आरशासमोर ही खूण करत होता तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा पोरगा काहीतरी शिकतोय बुवा.

आणि नेमकी तीच पायरी मोडायला निघाली आहे. चेंडू कुठे पडला हे आता कॅमेरे सांगतात. ऑस्ट्रेलियन ओपनने २०२१ सालीच रेषेवरची माणसं काढली आणि २०२५ साली विम्बल्डननेही. त्यातल्या काहींना 'मॅच असिस्टंट' केलं. संगणक आल्यावर 'मी आपली काय मदत करू?' अशा पाटीमागे बसवलेले आमचे जुने सहकारी मला आठवले. फ्रेंच ओपनमध्ये त्या वर्षीही रेषेवर माणसंच होती. तिथल्या तांबड्या मातीत चेंडूचा ठसा उमटतो आणि अंपायर खुर्चीवरून उतरून तो वाकून बघतो.

मी भाच्याला म्हटलं, "अरे, शिडीची खालची पायरीच काढून घेतली तर तू वर चढणार कसा?" तो म्हणाला, "छोट्या स्पर्धांना कुठं परवडतात कॅमेरे, मामा? तिथं माणूसच लागतो." मग त्याने मला त्याच विम्बल्डनची गोष्ट सांगितली. सोने कार्टल या ब्रिटिश मुलीचा फटका स्पष्ट बाहेर पडला, आणि यंत्र गप्प! चालवणाऱ्या कोणाच्या तरी हातून त्या बाजूची यंत्रणा बंद झाली होती. खुर्चीवरच्या अंपायरने गुण पुन्हा खेळायला लावला. गेम जिंकायला आलेली पाव्हल्युचेन्कोवा तो गेम हरली, आणि चिडली ती खुर्चीवरच्या माणसावर. सामना नंतर तिनेच जिंकला ही गोष्ट वेगळी. आमच्या शाखेतलं नोटा मोजायचं यंत्रही फर्रकन मोजून मोकळं होतं, पण नोट कमी भरली की गिऱ्हाईक यंत्राशी थोडंच भांडतं? भाच्याला मी त्यानंतर बँकेचा फॉर्म दाखवला नाही. शिबिराची फी भरली. ताईला अजून सांगितलेलं नाही. हे पुस्तक ती वाचणार नाही, या भरवशावर लिहितो आहे.

शिबिराहून परतल्यावर त्याला पहिलं काम आलं ते गावाकडून. त्याच्या दोन चुलत्यांचा बांधावरून जुना वाद आहे. टेनिसची रेषा दोन-चार इंचांची, पण जागची हलत नाही. आमच्याकडचा बांध दर पावसाळ्यात एका बाजूला सरकतो. जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या भुजांमधला, अणूच्या गाभ्याहूनही बारीक फरक ती टिपणार म्हणे. तोवर बांधाची मोजणी चुलत्यांच्या पावलांनी चालते.

"ह्याच्या डोळ्यांचा सरकारी दाखला हाय," म्हणून दोघांनी त्याला बांधावर उभं केलं. तो म्हणाला, "काका, जवळच्या नात्यातला सामना मला घेता येत नाही. आणि बांध हलला तेव्हा मी जन्मलो नव्हतो." असं म्हणून त्याने डोळ्यांपुढे हात धरले.

"एवढं शिकून एक बांध सांगता येईना!" थोरला चुलता म्हणाला. धाकट्याने मान डोलावली, आणि मग दोघेही पुन्हा आपापला निकाल सांगू लागले.