उजनीच्या जलाशयावरील अग्निपंख

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि भिगवणच्या परिसरांत उथळ कांठांचा विस्तीर्ण जलाशय पसरला. हिंवाळ्यांत तेथें अग्निपंखांचे थवे चरावयास उतरतात. त्यांचें छायाचित्र दुरूनच घ्यावें हें उत्तम. परंतु लांब पल्ल्याच्या लेन्समध्यें हाताचा लवमात्र कंपही मोठा होऊन दिसतो. हा कंप शमविणारी यंत्रणा कॅननच्या सुट्या लेन्समध्यें १९९५ सालीं आली. तींतील संवेदक हालचाल ओळखतात आणि त्यानुसार भिंगांचा एक गट उलट सरकविला जातो.

मग जोडीस तिपाई घेतली तर लाभ दुप्पट होईल, असें वाटणें साहजिक आहे. पण तसें घडत नाहीं. कांठावरील घट्ट जमिनीवर तिपाई उभी असतां शमविण्याजोगें कांहींच उरत नाहीं. जुन्या लेन्स अशा वेळीं स्वतःच्याच थरथरीस फसून चित्र धूसर करितात. म्हणून तेथें यंत्रणा बंद ठेवावी. नव्या कांहीं लेन्स तिपाई आपोआप ओळखतात. एकपायी टेकूवर मात्र ती चालू असावी. होडींत तिपाई व्यर्थच, कारण होडीच डुलते. तेथें कॅमेरा हातीं धरून यंत्रणेवर भिस्त ठेवावी.

इतकें साधलें म्हणजे नावाड्यास “आणखी जवळ घ्या” म्हणण्याचा मोह आवरतो. चित्र थोडें लहान आलें तरी चालेल. चरणारा थवा उडाला, तर चित्रही जातें आणि पक्ष्यांचा घासही.